रंगीत खांबांचे रस्ते

आज मोटारीतून दूरच्या प्रवासास निघणाऱ्या गृहस्थास वाट सापडेल की नाही, ही चिंता सहसा पडत नाही. रस्त्याला क्रमांक असतो; तोच क्रमांक नकाशात असतो आणि वाटेवरच्या पाटीवरही असतो; आणि पाटी सरकारने लावलेली असल्यामुळे तिच्यावर विश्वास ठेवावा की नाही, असा प्रश्न कोणाच्या मनात उद्भवत नाही. ही व्यवस्था इतकी अंगवळणी पडली आहे की, ती कोणी तरी, केव्हा तरी, पुष्कळ वादविवादानंतर उभी केली असेल, अशी शंकाही येत नाही. वस्तुतः मोटारगाडीच्या बाल्यावस्थेत, आणि तेही ज्या देशात तिचा सर्वांत अधिक प्रसार झाला त्या अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, परगावच्या प्रवाशास वाट दाखविण्याची जबाबदारी सरकारने आपल्याकडे घेतलेली नव्हती. ते काम व्यापाऱ्यांनी, कारखानदारांनी, हॉटेलवाल्यांनी, गावोगावच्या उत्साही मंडळींनी आणि त्यांच्या पाठोपाठ काही लबाडांनीही अंगावर घेतले. इ. स. १९१२ च्या सुमारास भरास आलेल्या ह्या उद्योगास १९२६ च्या अखेरीस उतरती कळा लागली. त्या चौदा-पंधरा वर्षांत तारेच्या खांबांवर फासलेले रंगाचे पट्टे हाच त्या खंडप्राय देशातील मोटारवाल्यांचा वाटाड्या होता. हा वाटाड्या कोणाच्या पदरी होता आणि शेवटी त्याला रजा का मिळाली, ही हकीकत मनोरंजक तर आहेच. परंतु सार्वजनिक काम खाजगी हातांनी कोठवर होऊ शकते, ह्या प्रश्नावरही तिच्यामुळे पुष्कळ प्रकाश पडतो.

प्रथम त्या काळची परिस्थिती लक्षात घेतली पाहिजे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत आगगाडीचे जाळे पसरले, तेव्हा दूरचा प्रवास आगगाडीने करावयाचा आणि रस्त्याचा उपयोग शेतावरून बाजारास किंवा स्टेशनास जाण्यापुरता, अशी वाटणी होऊन गेली. रस्त्यांची देखभाल काउंटी नावाच्या लहान लहान स्थानिक विभागांकडे असे. पुष्कळ ठिकाणी शेतकऱ्यांनी करापोटी वर्षातून काही दिवस स्वतः राबून आपापल्या शिवारातला रस्ता नीट करावा, अशी चाल होती. आणि ज्याला रस्ता बांधण्याचे ज्ञान नाही त्याने बैलाऐवजी घोडा जुंपून जेवढे केले, तेवढेच होई. १९०४ साली सरकारने प्रथमच सर्व देशातल्या रस्त्यांची मोजदाद केली. त्या वेळी ग्रामीण रस्त्यांची लांबी एकवीस लक्ष मैलांहून अधिक भरली. परंतु खडी वगैरे घालून सुधारलेला भाग शेकडा सातांच्या आसपासच निघाला. बाकीचा सारा मातीचा, म्हणजे उन्हाळ्यात धुळीचा आणि पावसाळ्यात चिखलाचा. शिवाय एका काउंटीचा रस्ता तिच्या हद्दीवर संपला म्हणजे पलीकडच्या काउंटीत त्याला जोड मिळेलच, असा भरवसा नव्हता. ह्या दुरवस्थेविरुद्ध पहिली हाकाटी मोटारवाल्यांनी नव्हे, तर सायकलवाल्यांनी केली. १८८० साली स्थापन झालेल्या त्यांच्या संघाने चांगल्या रस्त्यांची चळवळ हाती घेतली आणि १८९२ पासून त्या विषयाला वाहिलेले मासिकही काढले. पुढे १९०८ मध्ये फोर्ड कंपनीची स्वस्त गाडी बाजारात आली आणि सायकलवाल्यांची तक्रार साऱ्या मध्यमवर्गाची तक्रार बनली.

अशा मुलखात वाट काढणे किती जिकिरीचे होते, ह्याची कल्पना दोन प्रवासांवरून येईल. १९०३ साली होरेशिओ नेल्सन जॅक्सन ह्या डॉक्टराने पन्नास डॉलरांच्या पैजेखातर सॅन फ्रान्सिस्को येथून न्यूयॉर्कपर्यंत मोटार नेली. मोटारीने ते खंड ओलांडण्याचा तो पहिलाच यशस्वी प्रयत्न होय. त्यास त्रेसष्ट दिवस लागले. वाटेत एका बाईने त्यास मुद्दाम भलत्याच दिशेने कित्येक मैल पाठविले. कारण त्या दिशेस तिचे नातलग राहत होते आणि त्यांनी मोटार कधी पाहिली नव्हती, असे तो पुढे सांगत असे. १९०९ साली ॲलिस रॅम्झी ही बावीस वर्षांची तरुणी तीन स्त्रियांना बरोबर घेऊन न्यूयॉर्कहून पश्चिम किनाऱ्यास एकोणसाठ दिवसांत पोचली. चौघींपैकी मोटार हाकता येत होती ती तिला एकटीलाच. तिच्यापाशी त्या काळचे प्रसिद्ध 'ब्लू बुक' होते. १९०१ पासून निघणाऱ्या ह्या वाटदर्शक पुस्तकात अमुक मैलांवर अमुक घर लागेल, तेथून डावीकडे वळावे, अशा सूचना छापलेल्या असत. एके ठिकाणी पिवळ्या घरापाशी वळावे असे पुस्तकात होते. परंतु पिवळे घर काही दिसेना. चौकशीअंती असे कळले की, घराचा मालक मोटारींचा कट्टा द्वेष्टा असल्यामुळे त्याने घरास हिरवा रंग देऊन टाकला होता! पश्चिमेकडच्या मुलखासाठी तर हे पुस्तकही नव्हते. तेथे ज्या खांबांवर तारा अधिक, त्या वाटेने गेल्यास गाव लागण्याचा संभव अधिक, अशा तर्काने ती पुढे सरकत होती.

परक्याच्या घराच्या रंगावर विसंबण्यापेक्षा आपणच वाटेवर रंग द्यावा, ही कल्पना ह्या परिस्थितीतून निघणे स्वाभाविक होते. तिची रीत मोठी सुटसुटीत होती. काही मंडळींनी एकत्र येऊन संघ स्थापन करावयाचा. दोन दूरच्या शहरांना जोडणारी एक रेषा नकाशावर आखावयाची. तिला एखाद्या थोर पुरुषाचे किंवा रम्य स्थळाचे नाव द्यावयाचे. एक रंगसंगती ठरवावयाची. आणि वाटेवरच्या गावांकडून वर्गणी गोळा करून त्या रंगाचे पट्टे खांबांवर, पुलांवर, कुंपणांवर आणि प्रसंगी मोठमोठ्या खडकांवरही ओढावयाचे. संघ नवा रस्ता बांधीत नसे; असलेल्या तुकड्यांनाच तो एका नावाखाली गोवी. जेफर्सन मार्ग कॅनडातील विनिपेगहून दक्षिणेस न्यू ऑर्लिन्सपर्यंत जाई. डिक्सी मार्गाचे पट्टे तांबडे-पांढरे, तर ओझार्क मार्गाच्या पांढऱ्या पट्ट्यावर हिरवी अक्षरे. प्रवाशाने आपला रंग लक्षात ठेवावा आणि खांबामागून खांब पाहत जावे, एवढेच काम. रँड मॅकनॅली ह्या नकाशे छापणाऱ्या कंपनीने १९१७ पासून असे रंगीत मार्ग दाखविणारे नकाशे विक्रीस काढले आणि खांब रंगविण्याच्या कामातही भाग घेतला.

ह्या संघांत केवळ स्वार्थ होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. साउथ डकोटा संस्थानातील इप्स्विच ह्या लहानशा गावी १९१२ मध्ये पार्मली नावाच्या गृहस्थाने शेजारच्या अबर्डीन गावापर्यंत, म्हणजे पंचवीस-सव्वीस मैलांचा, एक चांगला रस्ता व्हावा म्हणून लोकांस एकत्र आणले. बोलता बोलता त्या कल्पनेस पाय फुटले. पश्चिमेस यलोस्टोनच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत रस्ता न्यावा असे ठरले, आणि पुढे तर अटलांटिक किनाऱ्यापासून पॅसिफिक किनाऱ्यापर्यंत तो एकसलग करण्याचे ध्येय यलोस्टोन मार्गाच्या संघाने पुढे ठेवले. पिवळे वर्तुळ आणि त्यात उद्यानाची दिशा दाखविणारा काळा बाण, ही त्याची खूण. ठराविक दिवशी गावकऱ्यांनी हातचे काम बाजूस ठेवून फावडी आणि घोडे घेऊन रस्त्यावर उतरावे, असा प्रघात ह्या संघाने पाडला. १९१५ च्या जून महिन्यात त्याने शिकागोपासून सिॲटलपर्यंत मोटारींची टप्प्याटप्प्याची धाव लावून तो लांबचा पल्ला शंभर तासांच्या आत गाठून दाखविला. त्याच वर्षी १ ऑगस्ट रोजी उद्यानाची दारे मोटारींना उघडली. जो माणूस कधी काउंटीबाहेर गेला नव्हता, त्याला आपल्या दारावरून जाणारी वाट थेट दोन समुद्रांना जोडते ही जाणीव ह्या पिवळ्या रंगाने करून दिली.

ह्या सर्व मार्गांत अग्रमान लिंकन मार्गास द्यावा लागतो. त्याचा जनक कार्ल फिशर हा इंडियानापोलिस येथील धाडसी व्यापारी. मोटारींच्या दिव्यांचा त्याचा कारखाना होता आणि तेथील सुप्रसिद्ध शर्यतीचे मैदानही त्याने व त्याच्या भागीदारांनी बांधले होते. सप्टेंबर १९१२ मध्ये त्याने मोटारधंद्यातील प्रमुखांना मेजवानीस बोलाविले आणि न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को असा खडीचा रस्ता बांधण्यासाठी एक कोट डॉलरांचा निधी उभारावा, अशी सूचना मांडली. गुडइयर रबर कंपनीचे प्रमुख फ्रँक सायबरलिंग ह्यांनी लगोलग तीन लक्ष डॉलरांचे वचन दिले. पॅकार्ड कंपनीचे हेन्री जॉय ह्यांनी रस्त्यास अब्राहम लिंकनचे नाव सुचविले. १ जुलै १९१३ रोजी लिंकन मार्ग संघ स्थापन होऊन जॉय त्याचे अध्यक्ष झाले, आणि त्याच वर्षाच्या ३१ ऑक्टोबरला मार्गाचा समर्पणविधी पार पडला. न्यूयॉर्कच्या टाइम्स चौकापासून सॅन फ्रान्सिस्कोतील लिंकन उद्यानापर्यंत, तेरा संस्थानांतून, तीन हजार तीनशे एकोणनव्वद मैल, असा तो मार्ग होता.

ह्या सगळ्या उत्साहात एका माणसाचा नकार उठून दिसतो. हेन्री फोर्ड ह्यांनी निधीस पैसा देण्याचे साफ नाकारले. मोटारी विकणाऱ्यांनी आपल्या पदरच्या पैशाने रस्ते बांधून दिले, तर लोक आपले रस्ते आपण बांधावयास कधीच शिकणार नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. ज्याच्या गाड्या सर्वांत अधिक खपत त्यानेच हात आखडता घेतल्यावर एक कोटीचा निधी पुरा होणे अशक्य झाले. तेव्हा संघाने आपला बेत बदलला आणि फोर्ड ह्यांचेच म्हणणे निराळ्या रीतीने खरे करून दाखविले. सबंध रस्ता बांधण्याचा हट्ट सोडून त्याने ठिकठिकाणी एकेक मैल काँक्रीटचा रस्ता करविण्यास सुरुवात केली. त्याला लागणारे सिमेंट कारखानदारांकडून देणगीदाखल मिळे. ह्या तुकड्यांना बियाण्याचे मैल म्हणत. पहिला मैल १९१४ साली इलिनॉय संस्थानात माल्टा गावाजवळ झाला. योजना अशी की, चिखलात रुतत आलेल्या माणसाची गाडी एक मैल सुरळीत धावावी आणि पुन्हा चिखलात शिरावी; मग तो घरी गेल्यावर आपल्या प्रतिनिधीस स्वस्थ बसू देणार नाही. रस्ता देण्याऐवजी रस्त्याची चटक लावण्याची ही युक्ती पुष्कळच फळास आली.

परंतु रेषा आखली म्हटली की ती कोणाच्या तरी दारावरून जाते आणि कोणाच्या तरी दारावरून जात नाही. ज्या गावातून रंगीत खांब गेले तेथे हॉटेले, गाड्यांच्या दुरुस्तीची दुकाने आणि पेट्रोलचे पंप उभे राहत. शेजारचे गाव मात्र ओस पडण्याची भीती असे. म्हणून मार्ग ठरविण्याचा अधिकार हा वर्गणीदारांच्या खाजगी मंडळाच्या हाती असलेला गावांच्या दैवाचाच अधिकार होता. १९१३ च्या ऑगस्ट महिन्यात कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे जॉय ह्यांनी गव्हर्नरांच्या परिषदेपुढे आपला मार्ग ठेवला, तेव्हा त्यातून कोलोरॅडो संस्थान वगळलेले होते. तेथील गव्हर्नराने एवढी गळ घातली की, शेवटी डेन्व्हरकडे जाणारा एक फाटा मार्गात घालावा लागला. १९१५ मध्ये संघाने तो काढूनही टाकला.

डिक्सी मार्गाच्या बाबतीत तर हा कलह चव्हाट्यावर आला. ही कल्पनाही फिशर ह्यांचीच. ते फ्लोरिडातील मायामी बीच ह्या नव्या वसाहतीत जमिनी विकसित करीत होते. थंड उत्तरेकडचा श्रीमंत मनुष्य मोटारीने तेथवर आला पाहिजे, हा त्यांचा हेतू उघडच होता. एप्रिल १९१५ मध्ये चॅटनुगा येथे भरलेल्या सभेस गावोगावचे हजारो लोक आपापल्या रस्त्याची शिफारस करण्यास लोटले. निवड करणाऱ्या मंडळास कोणालाच दुखविणे परवडेना, तेव्हा त्याने पूर्वेकडचा एक आणि पश्चिमेकडचा एक अशा दोन शाखा मान्य केल्या. आणि एका मार्गाचे पुढे असे जाळेच होऊन गेले. येथे आणखी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. दक्षिणेतील कित्येक काउंट्यांत, विशेषतः जॉर्जियात, रस्त्याचे काम पायांत बेड्या घातलेल्या कैद्यांकडून करवून घेत, आणि त्या कैद्यांत बहुसंख्य कृष्णवर्णी असत. सुट्टीसाठी दक्षिणेकडे निघालेला प्रवासी तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या आधाराने जात असताना त्याच्या चाकांखालची माती ह्या लोकांच्या श्रमाने सपाट झालेली होती. सौंदर्य आणि सहल ह्यांची वर्णने करणाऱ्या संघांच्या पत्रकांत ह्या गोष्टीस सहसा स्थान मिळाले नाही.

खाजगी संघ वचन देऊ शकत असे. परंतु ते पाळण्याची सत्ता त्याच्या हाती नसे. ह्याचा धडा लिंकन मार्ग संघास यूटा संस्थानात मिळाला. तेथील ओसाड वाळवंटातून जाणारा जवळचा रस्ता बांधण्यासाठी सायबरलिंग ह्यांच्या कंपनीने आणि फिशर ह्यांनी पैसा दिला. परंतु वाळवंट ओलांडून प्रवासी सरळ नेव्हाडात गेल्यास यूटाच्या दक्षिण भागास काय लाभ, असा विचार स्थानिक पुढाऱ्यांनी केला. १९१९ मध्ये काम अर्धवट टाकून संस्थानाने आपला पैसा वेंडोव्हरकडे जाणाऱ्या निराळ्या रस्त्याकडे वळविला. संघाने पुष्कळ आकांडतांडव केले. पण १९२७ मध्ये त्यासच आपला मार्ग बदलून वेंडोव्हरवरून न्यावा लागला. त्याच १९१९ साली लष्कराने वॉशिंग्टनहून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत सुमारे ऐंशी वाहनांचा तांडा बव्हंशी लिंकन मार्गानेच नेऊन पाहिला. त्यास बासष्ट दिवस लागले. जड गाड्यांखाली लाकडी पूल मोडत, चाके वाळूत रुतत आणि सैनिकांस ती हातांनी ओढून काढावी लागत. त्या तांड्यात ड्वाइट आयझेनहॉवर नावाचा एक तरुण अधिकारी होता. पुढे राष्ट्राध्यक्ष या नात्याने १९५६ मध्ये त्यांनीच नव्या महामार्गांच्या कायद्यावर सही केली.

दरम्यान रंगांची गर्दी अतोनात वाढली होती. १९२० नंतर नाव धारण करणारे मार्ग अडीचशेच्या आसपास गेले. एकाच रस्त्यावरून अनेक मार्ग जाऊ लागल्यामुळे एकेका खांबावर वरपासून खालपर्यंत पट्टेच पट्टे दिसत. रंग उडाले, पावसाने धुतले, किंवा खांबच बदलले, तर विचारणारा कोणी नसे. काही संघ प्रवाशाला जवळची वाट सोडून वर्गणी भरणाऱ्या गावांतून वळसा घालावयास लावीत. काही ठिकाणी तर गावोगाव फिरून वर्गणी जमवावी, दहा-पाच मैल खांब रंगवावे आणि पुढे तोंड दाखवू नये, असा धंदाच निघाला. आगगाडीच्या फाटकापाशी किंवा अवघड वळणावर धोक्याची खूण कशी असावी, ह्याविषयी तर मुळीच एकवाक्यता नव्हती. आणि वाट चुकण्याने वेळ जातो, पण फाटक न दिसण्याने जीव जातो.

म्हणून हे काम शेवटी सरकारास हाती घ्यावे लागले. पहिले पाऊल विस्कॉन्सिन संस्थानाने टाकले. १९१७ च्या कायद्यान्वये त्याने १९१८ मध्ये आपल्या सर्व प्रमुख रस्त्यांस क्रमांक देऊन तशा पाट्या लावल्या, आणि नाव मोठे की आकडा मोठा ह्या प्रश्नाचा व्यवहारात निकाल लागला. आकड्याला रंगाची आठवण ठेवावी लागत नाही. रात्रीच्या दिव्यातही तो वाचता येतो. आणि कोणाच्याही दुकानाची जाहिरात तो करीत नाही. इतर संस्थानांनी तोच कित्ता गिरविला. मध्यवर्ती सरकारने १९१६ च्या आणि १९२१ च्या कायद्यांनी रस्त्यांसाठी संस्थानांस पैसा देऊ केलाच होता. आता एका संस्थानातून दुसऱ्यात जाणाऱ्या रस्त्यांची एकच पद्धत असावी म्हणून १९२५ मध्ये संस्थानांचे आणि मध्यवर्ती सरकारचे रस्ते-अधिकारी मिळून एक मंडळ नेमण्यात आले. त्यातील ई. डब्ल्यू. जेम्स ह्या अधिकाऱ्याने काढलेली पद्धत अत्यंत सोपी आहे: दक्षिणोत्तर रस्त्यांस विषम अंक, ते पूर्वेकडून वाढत जाणारे, पूर्वपश्चिम रस्त्यांस सम अंक, ते उत्तरेकडून वाढत जाणारे. नकाशा न पाहताही रस्ता साधारण कोणत्या भागात आहे हे आकडाच सांगतो. थांबण्याची खूण अष्टकोनी आणि आगगाडीच्या फाटकाची गोल, हेही ह्याच मंडळाने ठरविले. ११ नोव्हेंबर १९२६ रोजी शहाण्णव हजार मैलांहून अधिक लांबीच्या रस्त्यांची ही योजना मान्य झाली.

संघांना ह्याचे दुःख झाले, आणि ते समजण्यासारखे आहे. लिंकन मार्ग सबंध एका क्रमांकाखाली ठेवावा ही इच्छाही पुरी झाली नाही. त्याचा मोठा भाग क्रमांक ३० मध्ये गेला आणि उरलेला १, ४०, ५० इत्यादी क्रमांकांत विभागला गेला. लिंकनचे नाव पुसून तेथे तीस लिहावयाचे, ह्याला वर्तमानपत्रांतून बराच विरोध झाला. परंतु मौज अशी की, आकड्यांच्या मागेही तोच अभिमान लगेच उभा राहिला. शून्यान्त क्रमांक हे लांब पल्ल्याच्या महत्त्वाच्या रस्त्यांना दिले होते. केंटकी संस्थानास असा एकही क्रमांक मिळाला नाही, आणि शिकागोहून लॉस एंजेलिसला जाणाऱ्या रस्त्यास मात्र ६० मिळाला, म्हणून तेथील गव्हर्नर फील्ड्स ह्यांनी मोठे काहूर उठविले. अखेर ६० हा आकडा केंटकीतून जाणाऱ्या रस्त्यास देण्यात आला आणि शिकागोच्या रस्त्यासाठी त्याच्या पुरस्कर्त्यांनी, ओक्लाहोमाचे सायरस एव्हरी ह्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी, ३० एप्रिल १९२६ रोजी कोणी न घेतलेला ६६ हा आकडा पसंत केला. तडजोड म्हणून पत्करलेला हा आकडा पुढे त्या देशातील सर्वांत लाडके रस्तानाम झाला, आणि १९८५ मध्ये तो क्रमांक अधिकृतपणे रद्द झाल्यावरही लोकांनी त्यास विसरण्याचे नाकारले आहे.

आपल्याकडेही ह्या गोष्टीचा पडताळा घेता येतो. दूरच्या रस्त्यांचा भार कोणी उचलावा, हा प्रश्न हिंदुस्थानात बॅ. मुकुंदराव जयकर ह्यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली नेमलेल्या समितीने विचारात घेतला. आणि राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्ह्याचे व खेड्यांचे अशी रस्त्यांची वर्गवारी १९४३ च्या नागपूर येथील परिषदेत मांडण्यात आली. २०१० मध्ये भारतातील राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक बदलले, तेव्हा सम-विषमाचाच नियम लावण्यात आला. फरक एवढाच की, येथे दक्षिणोत्तर रस्त्यांस सम अंक मिळाले आणि पूर्वपश्चिम रस्त्यांस विषम. पनवेलहून कोकण व गोवा ह्यांतून कन्याकुमारीकडे जाणारा पूर्वीचा १७ क्रमांकाचा रस्ता तेव्हापासून ६६ क्रमांकाचा झाला. परंतु गणपतीस कोकणात निघालेल्या माणसास विचारल्यास तो क्रमांक सांगत नाही. मुंबई-गोवा रस्ता असेच म्हणतो. हिशेबासाठी आकडा हवा, आणि जिव्हाळ्यासाठी नाव हवे, ही मनुष्यस्वभावाची दुहेरी गरज सर्वत्र सारखीच आहे.

तेव्हा रंगीत खांबांच्या त्या उद्योगाविषयी काय म्हणावे? रस्ता बांधण्याच्या दृष्टीने पाहिल्यास संघांचे काम अल्प होते, आणि त्यात स्वार्थाची भेसळही होती. तथापि तुकड्यातुकड्यांनी विखुरलेल्या मातीच्या वाटा मिळून एक रस्ता होतो, आणि तो साऱ्या राष्ट्राचा असतो, ही गोष्ट लोकांच्या गळी उतरविण्याचे श्रेय त्यांनाच द्यावे लागेल. ही समजूत पटल्यावर लोकांनी सरकारकडे रस्त्याची मागणी केली. आणि सरकारने ती पुरविण्यास आरंभ करताच मागणी जागविणाऱ्याचे प्रयोजन उरले नाही. लिंकन मार्ग संघास हे उमगले होते. १९२७ च्या अखेरीस त्याने आपले चालू काम आवरते घेतले, आणि शिल्लक राहिलेल्या सामर्थ्यानिशी एक शेवटची योजना पार पाडली. १ सप्टेंबर १९२८ रोजी देशभरातील बालवीरांनी एकाच दिवशी त्या मार्गावर काँक्रीटचे सुमारे तीन हजार लहान खांब रोवले. प्रत्येकावर लिंकनची ब्राँझची मुद्रा, मार्गाची तांबडी-पांढरी-निळी खूण आणि दिशा दाखविणारा बाण होता. रस्त्यास तोवर क्रमांक मिळालेला होता. वाट चुकू नये म्हणून त्या खांबांची कोणासच गरज नव्हती. त्यांपैकी काही खांब अद्याप जागच्या जागी उभे आहेत.